विलीनीकरणानंतर उरलेली खुर्ची

तात्या,

परवा तुमचं तेरावं झालं. जेवायला दोन्ही पक्षांची माणसं होती, म्हणजे आता एकाच पक्षाची. पण बसताना सवयीनं दोन पंगतींत बसली. समई निशाणीवाले तुमचे देवळाच्या अंगाला, घागर निशाणीवाले आमचे रस्त्याच्या अंगाला. मी वाढपी होतो, त्यामुळं दोन्हीकडं फिरलो. वहिनींच्या माहेरची, लोणी भापकरची मंडळी बिचारी मधेच उभी, कुठं बसायचं ते त्यांना कळेना. तालुक्याहून आलेल्या माणसानं तुमच्यावर दोन शब्द सांगितले. तुम्ही किती वर्षं पक्षात होता, डाळिंबाची बाग कशी उभी केली, कुठल्या कुठल्या समित्यांवर होता, सगळं सांगितलं. नव्या पक्षाचं नाव घेताना दोनदा अडखळला. तुम्ही म्हणायचात ना, "नाव येवडं लांब हाय, घेता घेता मतदानाची येळ संपंल." मला हसू आलं आणि मग हातातलं भांडं खाली ठेवून गोठ्यामागं जाऊन उभं राहावं लागलं.

त्या माणसानं सांगितलं त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुम्ही जिवंत असताना सांगायला पाहिजे होती. बूथवरच्या खुर्चीची. रोज संध्याकाळी पारावर तुमच्या शेजारी बसायचो, रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज दोडक्याच्या भावावर बोलून उठायचो. दमलोय मी तात्या. त्या न सांगितलेल्या गोष्टीनंच दमलोय.

वरकुटे गावाबाहेरच्या माणसाला आपली रीत सांगितली तर तो हसतो. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही समईचे एजंट आणि मी घागरीचा एजंट, दोघं आपापली मतदार यादी घेऊन देवळाच्या पारावर बसायचो. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली ओढून एकेक नाव वाचायचात. कोण वारलं, कोण पोरगी सासरी गेली, कोण कामाला लोणी देवकरला जाऊन तिकडंच राहिलं. दोघांनी वारला म्हटलं तरच नावावर काट. एकानं जरी मान हलवली तरी नाव तसंच ठेवायचं, आणि माणूस आला तर निमूट मत देऊ द्यायचं. आदल्या रात्रीच्या सभेत एकमेकांना नाही नाही ते बोललेलो असायचो. तुम्ही मला फुटकी घागर म्हणालेला असायचात, मी तुम्हाला तेल संपलेली समई. पण मयतांच्या यादीत कधी खोटं केलं नाही, तुम्हीही नाही आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत शेजारी शेजारी दोन खुर्च्या, तुमची खिडकीपाशी, माझी भिंतीला टेकून. दुपारी तुमच्या डब्यातलं वांगं माझ्याकडं आणि माझा ठेचा तुमच्याकडं. सरकारी साहेब बघत राहायचे. एकदा एका साहेबानं विचारलंसुद्धा, तुम्ही नक्की विरोधक आहात ना? तुम्ही घास गिळून म्हणालात, "व्हय तर. ह्याला पाडल्याबिगर मी घरी जात न्हाय."

खरं सांगायचं तर आपल्या दोन पक्षांत भांडण कशाचं होतं हे आजच्या पोरांना समजावून सांगता येत नाही. दोघांनाही देव हवा, धर्म हवा, थोरल्यांचा शब्द राहावा असं दोघांनाही वाटायचं. यात्रेत डीजे नको, हायवेला बिअरबार नको, घरातली चूल एकच राहावी, शेती पोरानं करावी. सभेत तुमचा माणूस जे बोलायचा तेच आमचा माणूस पुढच्या चौकात बोलायचा, फक्त आवाज चढवून. कधीकाळी दोघे मोठे साहेब एका तिकिटावरून फुटले आणि खालची गावं त्यांच्यामागं फुटली. तुमचं ठरलेलं उत्तर होतं, "देव एकच हाय रं, पुजारी येगळा." मी म्हणायचो, मग पुजारी बदला. तुम्ही म्हणायचात, "तूच बदल की."

आणि एक दिवस खरंच दोघं एक झाले. बारामतीच्या त्या मंगल कार्यालयात आपण एकाच जीपमधून गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. दारात सगळ्यांची जुनी उपरणी काढून घेतली आणि नवी घातली. तुमचं जुनं तुम्ही दिलं नाही, घडी करून खिशात घातलंत, मी बघितलं होतं. व्यासपीठावर दोन्ही साहेबांना मिळून एकच मोठा हार घातला. टाळ्या वाजल्या, फटाके झाले. तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, "दिनकर, बघ. हार एकच हाय, पण माना दोघांच्याबी वाकड्या झाल्यात." मी खो खो हसलो आणि पुढच्या रांगेतल्यांनी वळून बघितलं. मग जाहीर झालं की निशाणी घागर राहणार. समई गेली. तुम्ही टाळी वाजवली तात्या, पण जरा उशिरा.

परतीच्या वाटेवर इंदापूर येईपर्यंत भांडलो आपण. तो वाद अजून माझ्या डोक्यात चालूच आहे. मी म्हणत होतो, आपली मतं फुटतात म्हणून तिसराच निवडून येतो, आणि मग आपण दोघंही पाच वर्षं त्याच्या दारात अर्ज घेऊन उभे. किती दिवस चालायचं हे? मला मनापासून पटलं होतं ते. मला त्या भांडणाचा कंटाळाच आला होता. लग्नाच्या पत्रिका दोनदा छापायच्या, कुणाला आधी बोलवायचं म्हणून घरात बायकांची भांडणं, यात्रेला दोन कमानी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "दोन दुकानं हाईत तवर वजन बरुबर पडतंय. एकच ऱ्हायलं की दुकानदार म्हणंल त्यो किलो."

"आवं तात्या, पण दोन्ही दुकानांत माल एकच हाय न्हवं?"

"मालाचं कोण बोलतंय? मी काट्याचं बोलतोय."

मी म्हणालो की तुमची समई गेली म्हणून तुम्हाला राग आलाय. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या घराच्या भिंतीवरची, वीस-बावीस वर्षांची रंगवलेली समई तुम्ही स्वतः चुना लावून बुजवलीत. मी मदतीला आलो तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे, तुझी कापडं खराब व्हतील." तुम्हाला टोचून बोललो याची मी माफी मागायला हवी होती. ती राहिली ती राहिलीच.

आता खुर्चीचं.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. तालुक्याच्या नव्या अध्यक्षांचा मला फोन आला. मी दोडक्याच्या मांडवात होतो, सुतळी बांधत. ते म्हणाले, "आता पक्ष एक, एजंट एक. तुमी बसताय का तात्या बसत्यात? तुमचं गाव, तुमीच सांगा." एवढंच. मी म्हणू शकलो असतो, विचारून सांगतो. मी म्हणू शकलो असतो, तात्या थोरले आहेत, ते बसतील. जे कुठल्याही सभ्य माणसाच्या तोंडी आलं असतं ते म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "तात्या आता थकल्यात. उन्हाचं, जाग्रणाचं झेपत न्हाय त्यास्नी."

तुम्ही थकला नव्हतात तात्या. त्याच सकाळी तुम्ही डाळिंबाच्या पेट्या स्वतः उचलून टेम्पोत ठेवल्या होत्या, हे मला दिसलं होतं. मग मी असं का बोललो? तर मला ती खिडकीपाशीची खुर्ची हवी होती. एवढी वर्षं खोलीत कुठलाही साहेब आला की आधी तुमच्याकडं बघायचा. यादीत घोळ झाला की "तात्यांना विचारा". मी जन्मभर भिंतीला टेकून. घागर जिंकली, आमची निशाणी राहिली, तरी गावात अजून तात्याच थोरले, याचा मला कुठंतरी राग होता. लिहिताना लाज वाटते. पण आता तुमच्याशी खोटं बोलून करू काय?

त्या संध्याकाळी पारावर मी तुम्हाला सांगितलं, वरून माझं नाव आलंय. "वरून" म्हणालो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. मग म्हणालात, "बरं झालं. तुझी नजर अजून चांगली हाय." आणि वर मलाच समजावलंत, "वरचं वरच्यांनी ठरवायचं. त्यात तुझा काय दोस?" एजंटला बदली माणूस देता येतो, दुपारच्या वेळेपुरता. तिथं तरी तुमचं नाव घालता आलं असतं. तेसुद्धा मी केलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पारावर एकटाच यादी घेऊन बसलो होतो. तुम्ही आलात. काखेत तुमचीही यादी होती, कुठून मिळवली होतीत कोण जाणे. उभ्याउभ्याच विचारलंत, "जुळवायची का?"

मी म्हणालो, "कशाला तात्या, आता यादी एकच हाय."

तुम्ही बरं म्हणून निघून गेलात. पाठमोरे जाताना तुमच्या काखेतली ती गुंडाळी मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीपाशी बसलो. शेजारी एका अपक्षाचा एजंट होता, तो बाराला जेवायला गेला तो आलाच नाही. डबा उघडला तर समोर कुणी नव्हतं. ठेचा तसाच ठेवून झाकण लावलं. तुम्ही बाहेर, शाळेपुढं आखलेल्या रेषेपलीकडं, पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटत बसला होता, भर उन्हात. ज्यांना झेपत नाही म्हणून मी सांगितलं होतं त्याच उन्हात.

दुपारी दोनच्या सुमाराला एक म्हातारी आत आली. ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या कौसाबाई. अधिकाऱ्यानं नाव पुकारलं, मी यादी बघितली, नावावर माझी लाल काट होती. आणि मी मोठ्यानं म्हणालो, "हरकत हाय साहेब. ह्या बाई वारल्यात."

बाई समोर उभी होती तात्या. काठी टेकून, हातात ओळखपत्र घेऊन. मला त्या वस्तीवरच्या तेराव्याला गेल्याचं आठवत होतं. ते तिच्या जावेचं होतं. कौसाबाई तीन वर्षं लोणी देवकरला लेकीकडं होती. जावई तिथं कारखान्यात आहे, मतदानासाठी मुद्दाम गाडी करून आली होती. तुमची यादी शेजारी असती तर तुम्ही आदल्या दिवशीच मान हलवली असती, आणि माझी काट पुसली गेली असती.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मेले व्हय रं मी? दिनकर न्हवं का तू? तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी हुते रं."

खोलीत कुणीतरी हसलं. अधिकारी म्हणाले, फोटो जुळतोय, चला, मतदान करा. पण ती नाही म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. गावानं मारलंच हाय तर आता मत देऊन काय करू," असं म्हणून पदर तोंडाला लावून निघाली. तुम्ही तिला रस्त्यावर गाठलंत, टेबलामागची स्वतःची खुर्ची दिलीत, पाणी दिलंत. काय बोललात मला माहीत नाही. दहा मिनिटांनी तिचा हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत आलात, तिथून पुढं तुम्हाला परवानगी नव्हती म्हणून फाटकातच थांबलात आणि ती एकटी आत आली. बोटाला शाई लावून घेताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी यादीत डोकं घालून बसलो होतो.

संध्याकाळी पारावर मी म्हणालो, तात्या, आज फार वाईट झालं. तुम्ही मला एक शब्द वाकडा बोलला नाहीत. म्हणालात, "माणूस मेला म्हणायला एक लागतो, आन न्हाय म्हणायला दुसरा लागतो. तवा कुठं खरं कळतं. तुमच्या साहेबांनी त्यो दुसराच काढून टाकला, त्याला तू काय करणार?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. तो दुसरा साहेबांनी नाही, मी काढून टाकला. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात निकालाचं, गुलालाचं, कुणाची किती मतं याचं बोलणं निघालं. निकाल लागला, आपला उमेदवार आरामात निवडून आला, त्यामुळं हिशेबानं बघितलं तर माझंच म्हणणं खरं ठरलं. तुम्हीही गुलाल लावून घेतलात. पण दोडक्याच्या मांडवात एकटा असलो की मला तुमचा तो काटाच आठवतो. तुमचं बरोबर होतं असं अजूनही मी म्हणणार नाही. तुम्ही असतात तर आणखी दहा वर्षं भांडलो असतो यावर. एवढं नक्की की ज्याच्याशी भांडायचं तो माणूस समोर असला की आपण जरा बरे वागतो. मी तरी.

त्यानंतर तीन आठवडेच तुम्ही होता. बागेत छातीत कळ आली, बारामतीला नेईपर्यंत संपलं. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या सगळ्या रस्त्यात मी तुम्हाला सांगू शकलो असतो, तुम्हाला ऐकू येत होतं की नाही देव जाणे. मी नुसतं "तात्या, आलंच बारामती, आलंच," एवढंच म्हणत राहिलो.

इथपर्यंत लिहून मी आज सकाळी उठलो आणि तुमच्या घरी गेलो. म्हटलं, कागदाला सांगून काय उपयोग, निदान वहिनींना तरी सांगावं. त्या ओट्यावर मूग निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. फोन कसा आला, मी काय बोललो, का बोललो, खिडकीपाशीच्या खुर्चीचंसुद्धा. त्यांनी मान वर केली नाही. खडे बाजूला काढत राहिल्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, ते ह्यास्नी ठावं व्हतं."

मला वाटलं, माझं समाधान करायला म्हणतायत.

"न्हाय, न्हाय. त्याच दिशी कळलं. तालुक्याच्या त्या अध्यक्षानंच फोन केला व्हता. तब्येतीला जपा म्हणला, दिनकररावांनी सांगितलं तुमी थकलाय म्हणून. ह्यांनी फोन ठेवला आन तुमाला लई शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू? दोन दिस धड जेवलं न्हाईत."

मी म्हणालो, मग मला विचारलं का नाही त्यांनी?

"मी तेच म्हणलं. म्हणलं, जावा की, तोंडावर इचारा त्यास्नी. तर म्हणलं, न्हाय. इचारलं तर त्यो तोंड लपवत फिरंल. पारावर यायचा बंद व्हईल. मग सांजचं मी भांडू कुणासंगं?"

मग त्या उठून आत चहा ठेवायला गेल्या. मी भिंतीवरच्या त्या चुन्याकडं बघत बसलो.

तात्या, तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी पुन्हा आलो नसतो.